एकसष्ट झाडांची यादी

सुपातली ज्वारी निम्मी निवडून झाली होती. खडे एका काठाला, चांगले दाणे दुसऱ्या काठाला आणि मधे अजून न पाहिलेला ढीग. कालची सकाळ. देवपूजा आटोपली होती, आमचे हे हापिसला गेले होते आणि उन्हाच्या आत दळण गिरणीत टाकायचं असं मनात होतं. तेवढ्यात दारात कुणी तरी खाकरलं. पाहते तर चतुराबाई. पुंजारामदादांची कारभारीण. सात मैलांवरून एसटीनं आलेली, घामानं भिजलेली.

"या, बसा."

"बसत न्हाई ताई. लगेच परतीची गाडी धरायची हाये," असं म्हणाल्या आणि उंबऱ्याशी बसल्याच. "ह्यांचा खांदा मोडलाय. नाक्यावरचा बांबू लागला. टरकवाल्याला जल्दी झाल्ती. ह्यांनी बांबू पुरा उचलला न्हाई, तवर त्यानं गाडी घातली. पंधरा दिस झाले, घरीच हायेत. ह्या महिन्यानं नोकरी बी सरली."

"अगंबाई! मग डॉक्टर?"

"हाड बसवलंय. त्याचं काय न्हाई. दुसरंच करून राह्यलेत. बाजेवर पडून भिताडाकडं बघतेत आन झाडं मोजतेत. एक, दोन, तीन. नावानिशी. तेविसापर्यंत गाडी बराबर जाते. तेविसाच्या पुढं जाईना. मंग पुन्हा एकपासून. माझं डोस्कं उठलं ताई! काल म्हणले, जालन्याच्या बाईकडं वही हाये, तिच्यात सगळी लिवलेली हायेत, तेवढी घेऊन ये."

माझा हात सुपातच राहिला.

वही होती. शहात्तर सालची, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, बाकीच्या वह्यांच्या चळतीत. चार वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "चतुराबाई, वही मी कुणाच्या हाती देत नाही. मीच येते. उद्याच्या पहिल्या गाडीनं."

त्या गेल्या. मी सूप तसंच भिंतीला सारून ठेवलं.

मी रोज वही लिहिते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून लिहिते. वर श्रीकार, खाली तिथी, मग दिवसभराचं. लिहून झालं की वही देवापुढं ठेवून नमस्कार करते, त्यामुळे तिच्यात खोटं लिहिता येत नाही. पण न लिहिता येतं, हे मला शहात्तर साली कळलं. आज पुंजारामदादांबद्दल लिहायला बसले आहे ते त्या न लिहिलेल्यासाठी. जुन्या वह्यांमधून मी त्यांना नुसतं 'तो पुंजाराम' म्हटलेलं आहे. वयानं माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा माणूस. आता तसं लिहवत नाही.

ते मैलकुली होते. तेव्हा रस्त्याच्या दर मैला-दीड मैलाला एक माणूस नेमलेला असे. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, धुमसानं ठोकायचा, पावसाळ्याआधी कडेचा चर मोकळा करायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरूचे आणि चुन्याचे पट्टे ओढायचे, मैलाचा दगड रंगवायचा. जालन्याहून राजूरला जाणाऱ्या रस्त्याचा सहाव्या दगडापासून साडेसातापर्यंतचा तुकडा त्यांचा. सातव्या दगडापासून थोडं आत त्यांची वस्ती. निजामाच्या काळात ह्याच रस्त्यावर त्यांच्या वडिलांनी खडी फोडली होती. तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी करोडगिरीचा नाका होता म्हणे, माणसाचं गाठोडं सोडून बघायचे. "आबाला भाकरीचं फडकं बी सोडून दाखवावं लागायचं," असं ते सांगत. "आत ठेचा हाये का माल हाये, बोट लावून बघायचे. एकदा बोट डोळ्याला लागलं शिपायाच्या. त्या दिवसापासून आबाचं फडकं कुणी सोडलं न्हाई."

छप्पन साली त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली. राजूरच्या गणपतीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. पण गणपतीला जाणाऱ्या माणसांशी होतं. संकष्टीला, त्यातून अंगारकी असली म्हणजे, जालन्याहून आम्ही बायाबापड्या पहाटे पायी निघत असू. सातव्या मैलावर निम्मी वाट होई. तिथं लिंबांची दाट रांग होती. काही त्यांच्या वडिलांच्या वेळचे, बरेचसे त्यांनी स्वतः लावलेले. आम्ही खाली टेकलो की पुंजारामदादा फावडं बाजूला ठेवून हसत येत.

"तुमचा देव तुमाला बलावतो माय, आन खड्डे मला बुजवा लागतेत."

आणि मग त्यांचं ते ठरलेलं. "निम्मी वाट झाली. आता निम्मं वझं कमी करा. लोट्यातलं निम्मं पाणी झाडाला."

कुणी सुरू केलं म्हणाल तर त्यांनीच. पण रीत अशी पडली की आम्हा बायकांनी ती देवाचीच मानली. ज्या झाडाखाली जी बाई बसे, त्या झाडाला ती पाणी घाली, आणि दर खेपेला त्याच झाडाखाली बसे. शेजारच्या मालनबाईंचा एक करंज होता. माझा एक लिंब होता, बुंध्याशी वाकडा, बसायला पाठ टेकता येईल असा.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, तरी लिहिते. सावलीत त्यांचा पाण्याचा रांजण असायचा, वर पितळी पेला. आम्ही त्यांच्या सावलीत बसायचो आणि पाणी घरचं प्यायचो. दहा-बारा वर्षं. त्यांनी एकदाही 'घ्या' म्हटलं नाही आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आम्ही घरून पाणी नेत होतो म्हणून तर झाडांना पाणी मिळत होतं, हे मला फार उशिरा सुचलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

बहात्तरच्या दुष्काळात तो रस्ता माणसांनी भरून गेला. पाऊस नाही, पीक नाही, आणि सरकारनं रस्त्याची कामं काढली. सगळा तालुका खडी फोडायला रस्त्यावर. प्यायच्या पाण्याचा टँकर दिवसातून एकदा यायचा. त्या वर्षी पुंजारामदादांनी आपल्या दीड मैलात एक कायदा केला. दुपारची भाकर खाल्ली की हात झाडापाशी धुवायचे. दुसरीकडं धुताना कुणी दिसला की ते लांबूनच ओरडत, "अय, तिकडं काय तुझ्या मामाचा मळा हाये? हिकडं ये, झाडापाशी!" शेकडो माणसांचं ते खरकटं ओंजळभर पाणी. त्या पाण्यावर त्यांनी दोन उन्हाळे झाडं जगवली. सहाव्या दगडाजवळच्या एका लिंबाखाली खडी फोडायला आलेली एक बाई बाळंत झाली. लुगडी आडवी धरून बायांनी आडोसा केला आणि मुलगी झाली. पुढं त्या झाडाचं नाव बाळंतिणीचा लिंब. सगळ्या झाडांना त्यांनी अशीच नावं दिली होती.

इकडं आमचं जालनं वाढत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा नगरपालिकेचा जकात नाका आमच्या घराच्या अलीकडं होता. आम्ही गावाबाहेरचे. पाच-सहा वर्षांनी नाका उचलून पुढं नेला आणि आम्ही घर न हलवता गावात आलो. मग तो आणखी पुढं गेला. नवीन जालन्यात आडती, बियाण्यांच्या कंपन्या, बँका झाल्या. आधी दिवसाकाठी चार ट्रक मोजावेत, तिथं दारात बसून मोजायचं सोडून दिलं. रस्ता मात्र तेवढाच, एका गाडीचा. समोरून दुसरी आली की एकीनं कडेला मुरमात उतरायचं. राजूरला एसटी होती, ती भरून यायची आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की अलीकडंच थांबायची.

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, ह्यांचे गुडघे पंच्याहत्तर साली धरले. त्याआधी त्या वीस वर्षं राजूरला चालत गेलेल्या. आता संकष्टीच्या दिवशी त्या ओसरीवर बसून मला विचारायच्या, कोण कोण होतं, गाभाऱ्यात गर्दी होती का, कुणी ढकललं का. मी गणपतीला बोलले, देवा, आत्याबाईंना गाडीनं तुझ्या पायाशी आणायची सोय कर, मी एकवीस संकष्ट्या निर्जळ करीन.

आमचे हे रस्त्याच्या हापिसात कारकून. शहात्तरच्या मार्गशीर्षात एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "ऐकलं का, राजूर रस्ता रुंद होतोय. सगळा डांबरी. ओढ्यावर पूल. वर्ष-दीड वर्षात तासाला गाडी होईल. आईला न्यायला काही अडचण नाही."

मी वरण वाढता वाढता थांबले. "आणि झाडं?"

"मधे येतात ती जातील. मोजणी लावलीय. हे बाहेर बोलू नकोस, अजून कागद व्हायचेत."

त्या दिवशीचं वहीतलं पान आज पुन्हा वाचलं. 'आज आनंदाची वार्ता. गजाननानं ऐकलं.' एवढंच आहे. झाडांचं एक अक्षर नाही.

चार दिवसांनी संकष्टी आली. मी आणि मालनबाई पहाटे निघालो. सहाव्या दगडाशी पोचलो तर पुंजारामदादा रस्त्यातच उभे, कोपरापर्यंत गेरू लागलेला, आणि त्यांच्या मागं प्रत्येक झाडावर पांढऱ्या चौकोनात लाल आकडा. त्यांना अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते, मैलाचे दगड रंगवून आलेले. वळणदार, दगडावरच्यासारखेच.

"बाई, बरं झालं आलात. तुमच्याकडं वही असती ना? मला एवढी यादी लिवून पायजे."

"नंबर कशाला टाकलेत?" मालनबाईंनी विचारलं.

"सायबाचा हुकूम. रस्त्याच्या सगळ्या झाडांची नोंद करून राह्यलेत. आता बघा माय, नंबर पडला म्हंजे झाड सरकारात चढलं. उद्या कुणी फांदीला बी कुऱ्हाड लावली तर नंबर सांगून धरता येतंय त्याला."

त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पोरीचं लग्न जमल्यावर बापाचं होतं तसं. मी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली. थांबायचं नव्हतंच. आम्ही चालत राहिलो आणि ते एकेका झाडाला हात लावून सांगत राहिले.

"एक. लिंब. नाव लिव्हा, उलटीचा."

"उलटीचा?"

"एसटी हितं आली की कुणी ना कुणी खिडकीतून ओकतंच. लिव्हा की. दोन. करंज. सासुरवासनीचा. नांदायला जाणारी पोरगी हितं एकदा मागं वळून बघते. पुढं वस्ती दिसत न्हाई."

मालनबाई दहा पावलं पुढं जाऊन उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "अहो प्रभावतीबाई, गणपतीला निघालात का तलाठ्याच्या परीक्षेला?"

"सात. बाळंतिणीचा. तेरा. बाभळ. सायबाची. सायबाची जीप बराबर हितंच बंद पडती. लई गुणाची बाभळ हाये, मला तेवढाच इसावा." असं करत करत तेवीस झाले. पुढच्या वाकड्या लिंबापाशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चोवीस. हा तर तुमचाच. लिव्हा, जालन्याच्या बाईचा लिंब."

मी माझ्या हातानं ते लिहिलं.

मला माहीत होतं. प्रत्येक ओळीला माहीत होतं. एक ते चोवीस, चोवीस ते पन्नास. पन्नासला रस्त्याची झाडं संपली. मी पेन्सिल खाली केली तर ते चराच्या पलीकडं बोट दाखवू लागले. तिथं माणसाच्या उंचीचे अकरा लिंब होते, नव्यानं धरलेले. त्यांच्यावरही आकडे होते.

"अहो, हे तर चराच्या पल्याड आहेत. हुकूम रस्त्याच्या झाडांचा ना?"

"हाये ना. पण हे बी माझेच. दुष्काळात वाचलेल्या झाडांच्या लिंबोळ्यांचे. मोठ्यांची नोंद करायची आन ह्यांना सोडायचं? पंगतीतून लेकरं उठवल्यावानी होतंय ते. चढवा त्यांना बी."

तेव्हा तोंड उघडलं होतं मी. दादा, ह्यांना राहू द्या, एवढे चार शब्द. आणि मनात काय काय येऊन गेलं. आत्याबाईंचे गुडघे. हे म्हणतील हापिसची गोष्ट बाहेर गेली. पण ही कारणं मी मागाहून जमवलेली. खरं एवढंच की सांगितलं असतं तर त्यांचं ते फुललेलं तोंड तिथंच पडलं असतं, आणि पुढचे आठ मैल मला ते तोंड आठवत चालावं लागलं असतं. सणासुदीचा दिवस. मला तो दिवस चांगला हवा होता.

मी लिहिलं. एक्कावन्न ते एकसष्ट.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. झाडांची नावं गाळली, हापिसला ती कशाला? नंबर आणि जात एवढंच. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा, आमचं निम्मं काम झालं." आणि पिशवीत घालून घेऊन गेले.

सत्त्याहत्तरच्या वैशाखात झाडं पडली. मी तिथं नव्हते. जे झालं ते ह्यांनी सांगितलं, सहज, पान लावता लावता. ठेकेदाराच्या माणसांनी पन्नास झाडं पाडेपर्यंत पुंजाराम काही बोलला नाही. फांद्या ओढायला त्यालाच लावलं होतं, त्या त्यानं ओढल्या. मग ती माणसं चर ओलांडून पलीकडं निघाली तेव्हा तो आडवा झाला.

"हे रस्त्यात न्हाई येत."

"यादीत येतात," मुकादम म्हणाला. "नंबर हाये का न्हाई त्याच्यावर?"

"हाये."

"कुणी टाकला?"

"मी."

"मंग सर बाजूला."

आणि तो सरला. हे म्हणाले, "मुकादम सांगत होता, अकरा झाडांना अर्धा तास पण लागला नाही. काड्याच होत्या." मी पानाचा डबा मिटवून आत गेले. वहीत त्या दिवशी एकादशीचा फराळ आहे.

पुढच्या वर्षी रस्ता झाला. खरंच चांगला झाला, खोटं का बोलू? ओढ्यावर उंच पूल झाला. भाद्रपदात मी सासूबाईंना एसटीनं घेऊन निघाले. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. खिडकीशी बसल्या.

"प्रभा, सातवा मैल आला की सांग गं. तिथं लिंबाखाली मी माझ्या सासूसंगं पहिल्यांदा बसल्ते."

गाडी सुसाट. मैलाचे दगडही राहिले नव्हते, सगळे किलोमीटरचे. मी म्हटलं, "गेला, आत्याबाई."

"कधी?"

"आत्ता."

"आन लिंब?"

"रस्ता रुंद झाला ना."

त्यांनी बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना उघडं रान आणि ऊन. "मंग म्या काय बघू?" म्हणाल्या, आणि राजूर येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. दर्शन चांगलं झालं, कुणी ढकललं नाही. त्यानंतर पुन्हा चला म्हटलं तर त्या नाही म्हणतात. गुडघे आहेतच सांगायला. माझ्या एकवीस संकष्ट्या मी निर्जळ केल्या, बोललेलं फेडायलाच हवं.

पुलापाशी पथकराचा नाका बसला. पत्र्याची खोली, एक पाटी, आणि रस्त्यावर आडवा बांबू, एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी ओढायला पुंजारामदादांना नेमलं. पूल झाला, रस्ता डांबरी झाला, आता मैलकुली कशाला लागतात! मी दर संकष्टीला एसटीनं जाऊ लागले होते. गाडी नाक्याशी थांबली की ते दिसायचे. डोक्यावर ओलं फडकं, बसायला किलोमीटरचा दगड, आणि आसपास सावली म्हणाल तर त्या बांबूची. एकदा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "काय पुंजारामबुवा, झाडं सोडून बांबू धरला?"

"बांबू बी झाडच हाये बाबा. नुस्तं आडवं हाये."

सगळी गाडी हसली. त्यांची नजर खिडक्यांवरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि त्यांनी हात वर केला. मी पिशवीत वाकून काही तरी शोधू लागले. पिशवीत दूर्वा होत्या आणि वही होती. शोधण्यासारखं काही नव्हतं. असं दोन वर्षं केलं मी. पिशवीत वाकत राहिले.

आज सकाळी पहिल्या गाडीनं गेले. नाक्यावर दोरी ओढायला दुसराच माणूस होता. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालले. घर स्वच्छ, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. पुंजारामदादा बाजेवर, हात गळ्यात बांधलेला. फार वाळलेत. मला पाहून उठायला लागले.

"पडा हो दादा."

"गाडीनं आलात? आता काय, वीस मिन्टं बी लागत न्हाईत."

चतुराबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायले. गार होतं.

मग वही उघडून वाचायला लागले. उलटीचा लिंब. सासुरवासनीचा करंज. प्रत्येक नावाला ते डोळे मिटून मान हलवत, मधेच चूक काढत. "न्हाई न्हाई, अकरा चिंच. बारा शिरस. बघा बराबर." पाहिलं तर माझीच ओळ चुकली होती. सायबाच्या बाभळीला हसले, हसल्यावर खांदा दुखला, मग चतुराबाई त्यांच्यावर ओरडल्या. तेवीस झालं. चोविसावर माझी जीभ थांबली.

"चोवीस?" ते म्हणाले.

"जालन्याच्या बाईचा लिंब."

"हां. तोच अडकून राह्यला व्हता."

"पुंजारामदादा," मी म्हटलं, "त्या दिवशी मला माहीत होतं."

"काय?"

"झाडं पडणार ते. ह्यांनी चार दिवस आधी सांगितलं होतं. तुम्ही नावं सांगत होता आणि मी लिहीत होते, तेव्हा मला माहीत होतं."

चतुराबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बाहेर रस्त्यावरून दोन-तीन ट्रक गेले, घरात त्यांचा हादरा येतो आता.

मग दादा म्हणाले, "पन्नास तर जाणारच व्हते माय. रस्त्यात व्हते. तुम्ही सांगितलं असतं तरी नंबर मीच टाकला असता. नोकरी व्हती, हुकूम व्हता. पण पलीकडचे अकरा मी मोजले नसते. ते वाचले असते."

मला वाटलं अजून काही म्हणतील. रागवतील किंवा जाऊ द्या म्हणतील. मी वाट पाहत होते, खरं सांगते. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"वाचा पुढं. पंचवीस."

मी पंचवीस वाचलं. पन्नासापर्यंत वाचलं. मग एक्कावन्न, लहान लिंब. बावन्न, लहान लिंब. त्रेपन्न, लहान लिंब. त्यांच्याखाली अजून काही घडलं नव्हतं, म्हणून त्यांना नावं नव्हती. अकरा वेळा तेच वाचताना माझा आवाज मला ऐकवेना. पण मी एकही गाळला नाही.

"बराबर," ते म्हणाले. "एकसष्ट. आता हे कागद ठेवून जावा."

मी वहीकडं पाहिलं. तिचं पान मी कधी फाडलेलं नाही. माझी अडचण चतुराबाईंच्या ध्यानात आली.

"ताई, वही तुमची तुमाला राहू द्या. दुसऱ्या कागदावर लिवून द्या. मी वाचून दाखवीन ह्यांना. वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग निघालाय, मी जाऊन राह्यले."

"लिंब वाचता येतंय तिला," दादा म्हणाले. "करंज न्हाई येत. करंज आला की पुढं उडी मारती."

"येतंय की! जरा थांबून येतंय. पण ताई, अक्षर मोठं काढा हां. तुमचं अक्षर मुंग्यांवानी हाये. आन शाई गडद पायजे. आन ह्या वेळी नावं गाळू नका."

नावं गाळली होती हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. हापिसातला तो कागद कधी तरी कुणी तरी त्यांना वाचून दाखवला असणार. दादांना तेव्हाही नावं हवी असणार आणि कागदावर नुसते नंबर निघाले असणार.

दुपारच्या गाडीनं परत आले. नाक्याशी गाडी थांबली, तेव्हा खिडकीतून पाहिलं. किलोमीटरच्या दगडावर त्या नव्या माणसानं आपली सायकल टेकवून ठेवली होती. घरी आले तर सूप भिंतीशी तसंच, सासूबाईंनी वरून फडकं टाकलेलं. त्यांनी विचारलं, कुठं गेल्तीस? मी म्हटलं, सातव्या मैलाला.

उद्या सकाळी राहिलेली ज्वारी निवडून गिरणीत टाकायची आहे, आणि तिथूनच दुकानात जाऊन चार जाड पांढरे कागद, जाड टोकाचा टाक आणि काळ्या शाईची दौत आणायची आहे.